‘दिले’, ‘दिले होते’ की ‘देतील’? वऱ्हाडातून पोर्तुगेज भूतकाळ वाचताना

सतराव्या शतकातले पोर्तुगेज हस्तलिखित वाचायला घेतलेल्या मराठी विद्यार्थ्याला हमखास अडवणारा एक शब्द आहे. देवनागरीत तो ‘पागारांव’ असा लिहिता येईल. यातला धातू आपल्या ओळखीचा आहे. मराठीतला ‘पगार’ याच ‘पागार’ म्हणजे ‘देणे, चुकते करणे’ या क्रियापदातून आलेला. तेव्हा अर्थाची अडचण नाही, अडचण काळाची आहे. आजच्या पोर्तुगेजमध्ये ‘त्यांनी दिले’ आणि ‘ते देतील’ ही दोन रूपे शेवटच्या अक्षरांनी वेगळी लिहिली जातात. उच्चारात त्यांच्यात फरक आहे तो मुख्यतः आघाताचा: भूतकाळात आघात मधल्या ‘गा’वर, भविष्यकाळात शेवटच्या ‘रांव’वर. परंतु सतराव्या आणि अठराव्या शतकांतले लेखनिक हा लेखनभेद पाळत नसत. दोन्ही रूपे ते बहुधा एकाच शेवटाने लिहीत आणि आघाताची खूणही देत नसत. त्यातच ‘त्यांनी दिले होते’ हे एकपदी रूप तृतीय पुरुषी अनेकवचनात ‘त्यांनी दिले’ याच्याशी आजही तंतोतंत सारखे आहे. म्हणजे कागदावर एकच शब्द आणि त्याचे तीन अर्थ: दिले, दिले होते, देतील.

खंडणी, चौथाई, जकात, तहातली नुकसानभरपाई यांविषयीच्या कागदात हा शब्द येतो तेव्हा या तीन अर्थांमधले अंतर केवळ व्याकरणाचे राहत नाही. एका अर्थाने पैसे पोचले, दुसऱ्या अर्थाने ते आधीच्या कोणत्या तरी काळी पोचले होते आणि तिसऱ्या अर्थाने नुसते वचन आहे. निवाडा कोण करणार? क्रियापदाच्या आजूबाजूला उभे असलेले कालवाचक शब्द: गेल्या वर्षी, पूर्वी, येत्या मोसमात, आठ दिवसांमागे. पोर्तुगेज शिकणारे बहुतेक लोक हे शब्द प्रवासी पुस्तकातल्या यादीसारखे पाठ करून पुढे जातात. इतिहासाच्या वाचकाला मात्र सगळा भार तिथेच टाकावा लागतो, असे आमचे मत आहे. आणि या लेखात आम्ही त्या शब्दांकडेच, वऱ्हाडातून, पाहणार आहोत.

वऱ्हाडातून का, असा प्रश्न साहजिक आहे. अमरावती-अकोल्याचा आणि गोव्याचा संबंध काय? समुद्र इथून शेकडो मैल लांब. आमच्या भागातले अभ्यासक फारसीकडे वळले, मोडीकडे वळले, महानुभावांच्या सांकेतिक लिप्यांकडेही वळले. पोर्तुगेज ही कोकणची आणि गोव्याची बाब असे सर्वांनी धरून टाकले. तरीही सोळाव्या शतकातल्या पोर्तुगेज ग्रंथांत वऱ्हाडचा राजा हजर आहे. फक्त तो ‘माद्रेमालुको’ या नावाने वावरतो, म्हणून ओळखू येत नाही. ‘इमादुल्मुल्क’ या पदवीचे हे पोर्तुगेज जिभेवरचे रूप. आदिलखानाचा ‘इदाल्कांव’ झाला, निजामुल्मुल्काचा ‘निझामालुको’, कुत्बुल्मुल्काचा ‘कोतामालुको’, त्याच रांगेतला हा आपला एलिचपूरकर. १४९०मध्ये फतहुल्ला इमादुल्मुल्क स्वतंत्र झाला, एलिचपूर म्हणजे आजचे अचलपूर राजधानी झाले, गाविलगड आणि नरनाळा हे त्या राज्याचे दोन मोठे आधार होते आणि १५७४मध्ये अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाने हे राज्य गिळले. गार्सिया द ओर्ता या वैद्याचा औषधी द्रव्यांवरचा संवादरूप ग्रंथ गोव्यात १५६३मध्ये छापला गेला, तेव्हा इमादशाही नावाने का होईना जिवंत होती. ओर्ता बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात वैद्य म्हणून जात असे. त्यामुळे दख्खनच्या राजांविषयी तो लिहितो ते ऐकीव असले तरी जवळून ऐकलेले आहे. पुढे दियोगो दो कोउतो, ज्याच्याकडे १५९५मध्ये गोव्याच्या दप्तरखान्याची व्यवस्था सोपवली गेली, हाच काळ लिहितो तो मागे वळून. ओर्ताचा वर्तमानकाळ कोउतोच्या लेखी भूतकाळ झालेला आहे. दोघांच्या वाक्यांतली क्रियापदे शेजारी ठेवून वाचणे हाच मुळी एक अभ्यास आहे.

येथे एक सावधगिरी नमूद करायला हवी. ‘माद्रेमालुको’ ही पदवी आहे, व्यक्तिनाम नाही. वऱ्हाडात ती फतहुल्लाची होती, अलाउद्दीनची होती, दर्याची होती, बुऱ्हाणचीही होती. शिवाय गुजरातच्या सुलतानीतल्या इमादुल्मुल्कांनाही पोर्तुगेज हेच नाव देत. तेव्हा दीवच्या प्रकरणातला माद्रेमालुको वऱ्हाडात आणून बसवला की इतिहासाची फटफजिती ठरलेली. नाव एकच, माणसे अनेक, राज्ये दोन. कोण कुठला हे ठरवायला पुन्हा वर्ष आणि कालवाचक शब्द हेच साधन. इमादशाहीचे आपले कथन मुख्यतः फिरिश्त्याच्या आधाराने उभे आहे. यादव माधव काळे यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ १९२४मध्ये निघाला. त्यानंतर शंभर वर्षे उलटली, तरी पोर्तुगेज बाजूने हे राज्य पाहण्याचे काम वऱ्हाडच्या विद्यार्थ्यासाठी जवळजवळ मोकळे पडले आहे.

आता भाषेकडे वळू. पोर्तुगेज शब्द देवनागरीत देताना आम्ही लिस्बनच्या उच्चारापेक्षा लेखनाच्या जवळ राहिलो आहोत. जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

पोर्तुगेज भूतकाळाचे मुख्य दोन खांब आहेत. व्याकरणकार त्यांना ‘पेर्फेइतो’ आणि ‘इंपेर्फेइतो’ म्हणतात. पहिल्यात घटना एकदा घडून पुरी झाली: ‘पागोउ’, त्याने दिले. दुसऱ्यात घटना चालू होती किंवा पुनःपुन्हा होत असे: ‘पागावा’, तो देत होता, देत असे, देई. इंग्रजीतून आलेल्या वाचकाला या दोहोंमधला फरक पायरीपायरीने शिकवावा लागतो, कारण इंग्रजीतले साधे भूतकाळी रूप दोन्ही ठिकाणी चालून जाते. मराठी विद्यार्थ्याला तो मुळात ठाऊक असतो. ‘गेला’ आणि ‘जात असे’ यांची गल्लत शाळेतले पोरही करत नाही. मोरो केशव दामल्यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त (१९११) काळ आणि त्यांचे अर्थ यांवर जो ऊहापोह आहे, तो वाचून आलेल्याला पोर्तुगेज व्याकरणाचे हे प्रकरण परके वाटू नये.

वऱ्हाडी बोलणाऱ्याला तर हे आणखी सोपे आहे. प्रमाण मराठीत ‘जाई’, ‘करी’, ‘देई’ ही रीतिभूतकाळाची रूपे हळूहळू ग्रंथापुरती उरली. बोलताना पुण्याचा माणूस ‘जायचा’, ‘द्यायचा’ म्हणतो. वऱ्हाडात मात्र ‘बुढा रोज वावरात जाये’, ‘ते दरसाल पैसे दे’ अशी वाक्ये अजून कानावर पडतात. ‘जाये’ म्हटले की एकदा गेला असा अर्थ कोणी करत नाही. चालू क्रियेसाठी ‘जाऊन राह्यला व्हता’ वेगळे आहे आणि पूर्वी होऊन गेलेल्यासाठी ‘गेल्ता’ वेगळे आहे. ‘पागावा’चे भाषांतर ‘देत असे’ करण्यापेक्षा मनातल्या मनात ‘दे’ असे वऱ्हाडीत करून पाहावे. अर्थ चटकन बसतो. ज्या बोलीला आपण वर्गात शिरू देत नाही, ती इथे शिक्षकाचे काम करते. असो.

या भेदाची किंमत काय आहे ते चौथाईच्या उदाहरणाने दिसेल. दमणच्या परिसरातल्या गावांबद्दल पोर्तुगेज रामनगरच्या कोळी राजाला चौथ देत असत. त्याला ते ‘चौथिया’ अशा अर्थाच्या नावानेच ओळखत. १६७२मध्ये मराठ्यांनी रामनगर घेतले आणि त्या राज्याच्या हक्काबरोबर ही चौथही आपल्याकडे आली, असा शिवाजी महाराजांचा दावा होता. सुरेंद्रनाथ सेन यांनी मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरच्या १९२८च्या ग्रंथात चौथाईची चर्चा करताना पोर्तुगेज कागदांचा आधार घेतला, तो यामुळेच. आता या वादाचा व्याकरणाशी असलेला संबंध पाहा. हक्क सिद्ध होतो तो रूढीवरून. एखाद्या साली, एखाद्या चढाईच्या धाकाने पैसे दिले असतील, तर ती घटना झाली. तिच्यातून पुढच्याला वारसा मिळत नाही. दरसाल दिले जात असतील, तर ती वहिवाट झाली, आणि वहिवाट राज्याबरोबर हस्तांतरित होते. म्हणजे कागदात ‘पागोउ’ आहे की ‘पागावा’ आहे यावर दाव्याचे वजन ठरते. हे दोन्ही शब्द इंग्रजी भाषांतरात एकाच रूपात उतरले की तो कागद आपल्यापुरता मुका झाला. मराठ्यांच्या इतिहासाचा वऱ्हाडातला वाचक पोर्तुगेज साधने बहुतांशी इंग्रजीतूनच वाचत आला आहे. मुरगावच्या कोस्मे द ग्वार्दाने १६९५मध्ये लिहिलेले आणि लिस्बनमध्ये १७३०मध्ये छापलेले शिवचरित्रसुद्धा आपल्यापर्यंत पोचले ते सेन यांच्या १९२७च्या इंग्रजी संग्रहातून. सेन यांचे उपकार मोठे आहेत, त्याविषयी दुमत नाही. पण पोर्तुगेजमधला काळाचा भेद मराठीत जसाच्या तसा ठेवता येतो आणि इंग्रजीत ठेवायला कसरत करावी लागते, तर मधला टप्पा का घ्यावा?

वहिवाटीची भाषा बोलणारे कालवाचक शब्दही दोन्हीकडे जोडीने उभे आहेत. मराठी कागद ‘पूर्वापार’, ‘कदीमपासून’, ‘चालत आले आहे’ म्हणतो. पोर्तुगेज कागद ‘आंतिगामेंते’ म्हणजे ‘पूर्वीच्या काळी’ म्हणतो, ‘स्मरणातीत काळापासून’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग करतो. आफोंसो मेशिया याने १५२६मध्ये तयार केलेली गोव्याच्या गावकऱ्यांच्या रूढींची सनद ही याच जातीच्या भाषेत वाचायला हवी, कारण तिचा सगळा हेतू आधीपासून काय चालत आले ते नोंदवण्याचा होता. ‘आंतिगामेंते’ या शब्दाबरोबर इंपेर्फेइतो येतो तेव्हा रूढी सांगितली जाते आणि पेर्फेइतो येतो तेव्हा मूळकथा सांगितली जाते, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ काम होते. ‘ओउत्रोरा’ हा ‘एके काळी’ अशा छटेचा दुसरा शब्द आहे. तो कवींना अधिक आवडतो, कारकुनांना कमी.

याहून फसवे रूप आहे ते ‘तें पागो’. वरवर पाहता ते इंग्रजीतल्या पूर्ण वर्तमानकाळासारखे दिसते, म्हणून इंग्रजी शिकलेला विद्यार्थी ‘त्याने दिले आहे’ असा अर्थ करतो आणि चुकतो. आजच्या पोर्तुगेजमध्ये त्याचा अर्थ ‘अलीकडे तो देत आला आहे’ असा पुनरावृत्तीचा आहे. एकदा देऊन टाकले असेल तर तिथे साधे ‘पागोउ’ हवे. मराठीत ‘दिले आहे’ आणि ‘देत आला आहे’ यांची वेगळी सोय असल्याने पुन्हा आपली बाजू भक्कम आहे. मात्र जुन्या कागदांत हा नियम सरसकट लावता येत नाही. सोळाव्या शतकात हे संयुक्त रूप पुष्कळदा ‘पुरे झालेले काम हाती असणे’ याच अर्थाने येते आणि त्यातले धातुसाधित कधीकधी कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते, ‘पत्रे लिहिलेली अशी माझ्याजवळ आहेत’ अशा घडणीने. ‘मी पत्रे लिहिली आहेत’ यात ‘लिहिली’ हे पत्रांशी जुळते, माझ्याशी नाही. मराठीच्या कर्मणि प्रयोगाची सवय असलेल्या डोळ्यांना हा जुना पोर्तुगेज प्रयोग सहज दिसतो. पुढच्या शतकांत पोर्तुगेजने ही जुळणी सोडली.

या ठिकाणी थॉमस स्टीफन्सचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. ‘क्रिस्तपुराणा’चा (१६१६) हा कर्ता जन्माने इंग्रज, १५७९मध्ये गोव्यात आला आणि १६१९मध्ये तिथेच वारला. त्याने कोंकणीचे व्याकरण पोर्तुगेज भाषेत लिहिले, ते त्याच्या मृत्यूनंतर १६४०मध्ये राशोल येथे छापले गेले आणि कुन्य रिव्हारा याने १८५७मध्ये पुन्हा प्रसिद्ध केले. लॅटिनच्या साच्यात घडलेल्या व्याकरणपरंपरेत वाढलेल्या माणसाला, ज्या भाषेत भूतकाळात कर्ता बाजूला सरतो आणि क्रियापद कर्माच्या मागे जाते अशी भाषा मांडायची होती. आपण आज उलट दिशेने निघालो आहोत: आपल्याला आपला भूतकाळ ठाऊक आहे आणि त्याच्या साच्यात त्यांचा बसवायचा आहे. मराठी साहित्याच्या वर्गात स्टीफन्स केवळ ओवीकार म्हणून शिकवला जातो. त्याच्या व्याकरणकार असण्याकडे तितके लक्ष गेलेले नाही, ही आमची जुनी तक्रार आहे.

कालवाचक शब्दांतला सर्वांत कामाचा शब्द सर्वांत छोटा आहे: ‘आ’. ‘असणे’ या अर्थाच्या क्रियापदाचे हे रूप. ‘आ त्रेस आनोस’ म्हणजे शब्दशः ‘तीन वर्षे आहेत’ आणि अर्थाने ‘तीन वर्षांपूर्वी’. इंग्रजी वाटेने आलेला याला क्रियाविशेषण समजून पाठ करतो. मराठीत याचे नैसर्गिक रूप ‘पूर्वी’ नव्हे, ‘झाली’ हे आहे. ‘त्याला जाऊन तीन वर्षे झाली’ या वाक्यात जी रचना आहे, तीच पोर्तुगेज वाक्यात आहे: काळाचा अवधी क्रियापदाने मोजलेला. आणि मग पुढचा भेदही सुटतो. ‘आ त्रेस आनोस’नंतर पेर्फेइतो आला तर ‘देऊन तीन वर्षे झाली’. वर्तमानकाळ आला तर ‘तीन वर्षे झाली, देत आहे’, किंवा वऱ्हाडीत ‘तीन वर्सं झाले, देऊन राह्यला’. गोष्ट भूतकाळात सांगितली जात असेल तर ‘आ’चा ‘आविया’ होतो, म्हणजे ‘त्या वेळी तीन वर्षे झाली होती’. इथे चूक झाली की देणे बंद पडून तीन वर्षे झाली की सुरू होऊन तीन वर्षे झाली, यात उलटापालट होते. जुन्या लेखनात हे ‘आ’ पुष्कळदा नुसत्या एका अक्षराने, आघातचिन्हाशिवाय लिहिलेले असते आणि शब्दयोगी ‘आ’शी त्याची गल्लत होते, ही आणखी एक डोकेदुखी.

दिवसांच्या मोजणीत मराठी आणि पोर्तुगेज यांचे सूत इतके जमते की नवल वाटावे. आपला ‘आठवडा’ सात दिवसांचा असूनही नावात आठ आहे. ‘पंधरवडा’ही चौदा दिवसांच्या मोजणीत पंधरा म्हणवतो. पोर्तुगेज माणूस एका आठवड्याला ‘ओइतो दियास’ म्हणजे ‘आठ दिवस’ म्हणतो आणि दोन आठवड्यांना ‘किंझे दियास’, पंधरा दिवस. पहिला आणि शेवटचा दोन्ही दिवस मोजायची ही पद्धत. तेव्हा ‘आठ दिवसांपूर्वी आरमार आले’ असे पत्रात असेल, तर मराठी वाचक ‘गेल्या आठवड्यात’ असेच समजतो आणि बरोबर समजतो. तारखेतून काटेकोर आठ वजा करणारा मात्र एका दिवसाने चुकतो.

उलट ‘परवा’ आपल्याला दगा देतो. मराठीत परवा मागचाही आणि पुढचाही. क्रियापद सांगेल ते खरे. पोर्तुगेजमध्ये मागचा ‘आंतेओंतें’ आणि पुढचा वेगळ्याच शब्दांनी सांगितला जातो. वार तर पुरते गोंधळात टाकतात. रोमन परंपरेतल्या बहुतेक भाषांनी ग्रहांची नावे ठेवली, आपणही सोम-मंगळ-बुध ठेवले. पोर्तुगेजने ती टाकून आकडे घेतले आणि मोजणी रविवारपासून धरली. ‘सेगुंदा-फेइरा’ म्हणजे ‘दुसरा’ तो सोमवार, ‘तेर्सा’ म्हणजे तिसरा तो मंगळवार, ‘सेस्ता’ म्हणजे सहावा तो शुक्रवार. सोमवारपासून बोटे मोजणाऱ्या विद्यार्थ्याचा वार दरवेळी एकाने पुढे सरकतो. जंत्रीशी ताळा घेताना वार जुळत नाही म्हणून कागदच बनावट ठरवण्याची घाई करू नये, आधी बोटे तपासावीत.

पत्रांतल्या तारखांची स्वतःची एक लघुलिपी आहे. ‘दो कोर्रेंते’ म्हणजे ‘चालू महिन्याच्या’, ‘दो पास्सादो’ म्हणजे ‘गेल्या महिन्याच्या’. पत्र जानेवारीतले असेल आणि ‘गेल्या महिन्याच्या वीस तारखेला’ म्हटले असेल, तर वर्षही मागे जाते. सणांवरून दिवस सांगण्याची रीत दोन्हीकडे सारखी. ‘व्हेस्पेरा’ म्हणजे सणाचा आदला दिवस. संत योहानाची व्हेस्पेरा म्हणजे २३ जून. पोळा आणि तान्हा पोळा यांवरून पेरणी-निंदणीच्या आठवणी सांगणाऱ्या मुलखाला हे शिकवायला नको.

सालाच्या बाबतीत मात्र फार जपायला हवे. पोर्तुगालने १५८२मध्ये पोपची नवी दिनगणना स्वीकारली. इंग्रजांनी ती १७५२पर्यंत नाकारली. म्हणून शिवकालात सुरतेच्या किंवा मुंबईच्या इंग्रजाचा दिवस आणि गोव्याच्या पोर्तुगेजाचा दिवस यांत दहा दिवसांचे अंतर आहे. रायगडावरचा राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ या तिथीचा. हेन्री ऑक्झेंडनच्या गणनेने तो दिवस ६ जून १६७४ आणि गोव्याच्या गणनेने १६ जून. दोन्ही बरोबर आहेत. वसईच्या १७३९च्या मोहिमेपर्यंत हे अंतर अकरा दिवसांचे झाले होते. त्यात इंग्रजांचे जुने वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीच्या पत्रांत वर्षही एकाने मागे राहते. मराठी पत्र तिथीने किंवा ‘छ’ लावून मुसलमानी चांद्र तारखेने बोलते, सुहूर सन मृगापासून मोजते. चार पक्षांचे चार दिवस एका घटनेवर आणून बसवणे हे ग. ह. खरे यांच्या शिवकालीन जंत्रीसारख्या साधनांमुळे शक्य झाले. ‘काल’, ‘परवा’, ‘आठ दिवसांमागे’ हे शब्द मात्र जंत्रीत सापडत नाहीत. ते ज्या पत्रात आहेत त्या पत्राच्या स्वतःच्या गणनेत आधी सोडवून मगच जंत्रीकडे जावे लागते.

गोव्याच्या दप्तरखान्यातल्या सर्वांत प्रसिद्ध मालिकेचे नावच कालवाचक आहे: मोंसांवची पुस्तके. ‘मोंसांव’ हा शब्द अरबी ‘मौसिम’वरून आलेला. आपला मोसम आणि इंग्रजांचा मान्सून याच घरचे. राजाची पत्रे मार्च-एप्रिलच्या सुमारास लिस्बनहून सुटत आणि वारे साथ देत तेव्हा सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्याला पोचत. व्हाइसरॉयची उत्तरे डिसेंबर-जानेवारीच्या जहाजांनी परत जात. एकच पत्र वेगवेगळ्या जहाजांवर दोन-तीन प्रतींत पाठवले जाई, न जाणो एखादे बुडाले तर. या व्यवहारात ‘गेल्या मोंसांवमध्ये लिहिले होते’ म्हणजे नक्की कधी? लिहिणाऱ्याच्या बाजूने की वाचणाऱ्याच्या? प्रश्न आणि उत्तर यांत दीड-दोन वर्षे सहज जात. तोवर ज्या वर्तमानकाळात प्रश्न विचारला, तो इतिहास झालेला असे. मराठ्यांच्या एखाद्या स्वारीची बातमी लिस्बनच्या उत्तरात वर्तमानकाळात येते आणि इकडे त्या सरदाराचा निकाल लागून गेलेला असतो. मृगावर साल मोजणाऱ्या वऱ्हाडी कास्तकाराला मोसमाने बांधलेला हा काळ लगेच कळेल. मात्र त्याच्या मृगाला समुद्र ओलांडावा लागत नव्हता.

हे सारे जाणून पोर्तुगेज कागद मराठीत आणणारा माणूस म्हणजे पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर. १८९४मध्ये सत्तरीतल्या पिसुर्ले गावी जन्म, पुढे तीन दशकांच्या आसपास गोव्याच्या दप्तरखान्याची जबाबदारी, मृत्यू १९६९. पोर्तुगेज आणि मराठे यांच्या संबंधांवरची त्यांची लेखमाला आधी पोर्तुगेजमध्ये आली, राज्य परिषदेच्या ठरावांचे पाच खंड त्यांनी १९५३ ते १९५७ या काळात संपादून काढले, आणि मराठीतला ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ पुणे विद्यापीठाने १९६७मध्ये प्रसिद्ध केला. साहित्याच्या विद्यार्थ्याने हा ग्रंथ इतिहासासाठी तर वाचावाच. त्यातली क्रियापदेही वाचावीत. ‘देत असत’, ‘दिले’, ‘देण्याचे कबूल केले’ यांच्यातले अंतर सांभाळणारे मराठी गद्य काय करू शकते हे तिथे दिसेल. १९६१नंतर गोव्याच्या शाळांतून पोर्तुगेज मागे पडली, गोवा विद्यापीठात ती आज शिकवली जाते. अमरावती आणि अकोल्याच्या वर्गांत ती शिकवावी असा आमचा आग्रह नाही. मात्र पीएच.डी.साठी मध्ययुगीन विषय घेणाऱ्या एखाद्याने तरी सहा महिने तिच्यावर घालवावेत. मराठीची भूतकाळी रूपे पक्की असणाऱ्याला तेवढ्यात छापील साधने वाचता येऊ लागतील. हस्तलिखिते त्यानंतर.

त्याने सुरुवात कुठून करावी, याची आमच्या मनात एक जागा आहे. रोममध्ये धर्मप्रसार संस्थेच्या छापखान्यात १७७८मध्ये मराठीचे एक व्याकरण छापले गेले, पोर्तुगेज भाषेत. कॅरीच्या श्रीरामपूरच्या व्याकरणाआधी (१८०५) सत्तावीस वर्षे. त्याच्या लांबलचक शीर्षकात ही भाषा निजामशहा आणि आदिलशहा यांच्या राज्यांत ‘चालते’ असे म्हटले आहे. क्रियापद वर्तमानकाळी आहे. निजामशाही १६३६मध्ये संपली होती आणि आदिलशाही १६८६मध्ये. व्याकरण छापले गेले तेव्हा त्या राज्यांपैकी दुसरे बुडूनही ब्याण्णव वर्षे झाली होती, नागपुरास भोसले राज्य करत होते आणि वऱ्हाडचा वसूल ते व निजाम वाटून घेत होते. शीर्षक कुठल्या तरी जुन्या प्रतीवरून तसेच उतरले असावे असा आमचा तर्क आहे, कारण जिवंत माणसाने १७७८मध्ये हे वाक्य वर्तमानकाळात लिहिले असेल हे पटत नाही. या शीर्षकातल्या निजामशहाच्या राज्यात वऱ्हाड मोडत होते ते १५७४ ते १५९६ एवढीच बावीस वर्षे.